टेंपल ऑफ द डॉग: मित्रासाठी केलेला एकुलता एक अल्बम

मागच्या अंकात सिएटलच्या बँड्सबद्दल लिहिताना मी टेंपल ऑफ द डॉगचा नुसता ओझरता उल्लेख केला होता, की त्यांचा एकच स्टुडिओ अल्बम आहे आणि तो मला अजून फार जवळचा वाटतो, बास, आणि त्या एका वाक्यावर इतक्या मेल आल्यात की म्हटलं यावेळचं सदर सगळं त्यालाच देऊ. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेली पत्रं थोडी आवरून घेतलीत.

ताई, मुलगा बारावीला आहे आणि गेले दोन महिने घरात सकाळ संध्याकाळ हाच अल्बम. मी विचारलं तर म्हणाला सुपरग्रुप आहे. नेटवर बघितलं तर कोणी श्रद्धांजली म्हणतंय. नक्की काय आहे हे? आणि एवढा गाजला तर दुसरा का नाही काढला? (एक आई, नाशिक)

सुपरग्रुप, म्हणजे आधीच नावाजलेल्या बँडमधली माणसं एकत्र येऊन केलेला बँड, हा शब्द आधी बाजूला ठेवूया, तो नंतर चिकटलाय. १९९० च्या शेवटी हे रेकॉर्डिंग झालं तेव्हा यातलं कोणीच सुपर वगैरे नव्हतं. गायक क्रिस कॉर्नेल आणि ड्रमर मॅट कॅमेरॉन साउंडगार्डन या सिएटलच्या बँडमधले, त्यांचं थोडंफार नाव झालेलं. स्टोन गॉसार्ड, जेफ अमेंट आणि माइक मॅक्रीडी नवा बँड उभा करायच्या खटपटीत होते, आणि एडी व्हेडर तर सॅन डिएगोहून नुकताच आलेला, त्याला सिएटलमध्ये कुत्रं ओळखत नव्हतं.

आता मूळ गोष्ट. अँड्र्यू वुड म्हणून एक पोरगा होता, मदर लव्ह बोनचा गायक. रंगीबेरंगी कपडे, तोंडाला मेकअप, आणि समोर पन्नास माणसं असली तरी पूर्ण स्टेडियम भरलंय अशा थाटात गायचा. गॉसार्ड आणि अमेंट त्याच्याच बँडमध्ये, आणि कॉर्नेल त्याचा रूममेट, दोघं घरी टेपवर गाणी करायचे आणि एकमेकांना ऐकवायचे. १६ मार्च १९९० ला वुड हेरॉइनच्या ओव्हरडोसनं बेशुद्ध सापडला, तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होता आणि १९ तारखेला गेला. वय २४. बँडचा पहिला अल्बम ‘ॲपल’ तयार होऊन पडलेला होता, तो निघाला जुलैमध्ये, म्हणजे गायक गेल्यावर चार महिन्यांनी, आणि साहजिकच तोही एकुलता एकच राहिला.

कॉर्नेलला रडायलाही सवड मिळाली नाही, काही दिवसांत साउंडगार्डनबरोबर युरोपच्या टूरवर निघावं लागलं. तिकडं फिरताना त्यानं दोन गाणी लिहिली, ‘से हॅलो टू हेवन’ आणि ‘रीच डाउन’. परत आल्यावर ती रेकॉर्ड करून गॉसार्ड आणि अमेंटला ऐकवली, आणि म्हणाला आपण मिळून याचा एक सिंगल काढू. तेवढंच ठरलेलं, दोन गाण्यांचा सिंगल. मग जमले तर आधीची पडून असलेली गाणी निघाली, गॉसार्डच्या काही चाली निघाल्या, आणि होता होता दहा गाणी झाली. रेकॉर्डिंगला लागले १५ दिवस. नाव पण वुडच्याच एका गाण्यातल्या शब्दांवरून घेतलंय.

तुमच्या मुलाला एक सांगा, दहाच्या दहा गाणी वुडवर आहेत असं समजू नको. थेट त्याच्यावर आहेत ती ही पहिली दोनच. बाकीत काही प्रेमातली आहेत, एक धर्माचा बाजार मांडणाऱ्यांवर आहे, एक तुरुंगाच्या चार भिंतींवर आहे. पण सुतकाच्या घरात माणसं गव्हाच्या भावाबद्दल बोलत बसली तरी बोलणं हळू आवाजातच होतं ना, तसं या अख्ख्या अल्बमचं आहे. विषय कुठलाही असो, खोलीत कोणीतरी नाहीये हे ऐकू येतं.

दुसरा का नाही काढला, तर दुसऱ्याचं कारणच नव्हतं. एप्रिल १९९१ मध्ये हा निघाला, जाणकारांनी चांगलं म्हटलं, खप बेताचा. मंडळी आपापल्या कामाला लागली. ऑगस्टमध्ये गॉसार्ड, अमेंट, मॅक्रीडी आणि व्हेडर यांच्या नव्या बँडचा म्हणजे पर्ल जॅमचा ‘टेन’ आला, ऑक्टोबरमध्ये साउंडगार्डनचा ‘बॅडमोटरफिंगर’, मधे सप्टेंबरात निर्व्हाना या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ येऊन गेलेला, आणि मग सिएटलचे हे बँड जगभर गाजले. १९९२ मध्ये रेकॉर्ड कंपनीच्या लक्षात आलं की अरे साउंडगार्डन आणि पर्ल जॅम दोन्हीकडची पोरं एकत्र असलेली एक रेकॉर्ड आपल्याच गोडाउनमध्ये आहे. तेव्हा परत जोर लावून बाजारात आणली, ‘हंगर स्ट्राइक’ या गाण्याचा व्हिडिओ सारखा दाखवायला लागले आणि अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत पाचव्या नंबरपर्यंत गेला, दहा लाखांच्या वर खपला. म्हणजे सुपरग्रुप हे जे आहे ते दीड वर्षानंतरचं आहे. पोरं तीच, गाणी तीच, फक्त बघणाऱ्यांची नजर बदलली.

पूर्ण टूर अशी पहिल्यांदा झाली ती २०१६ ला, २५ वर्षं झाली म्हणून, अमेरिकेतल्या मोजक्या शहरांत, शेवट सिएटललाच. व्हेडर त्यात नव्हता. आणि मे २०१७ मध्ये कॉर्नेलही गेला. आता दुसऱ्या अल्बमचा प्रश्नच उरला नाही.

‘हंगर स्ट्राइक’मध्ये जो खालचा आवाज येतो तो कॉर्नेलच आहे का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून कडाक्याची भांडणं झालीत. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली)

नाही रे, तो एडी व्हेडर. पण चिडू नकोस मित्रांवर, मी पण फसले होते. पुण्यात हॉस्टेलला असताना एका मैत्रिणीनं मुंबईहून कॉपी करून आणलेली कॅसेट ऐकायचो आम्ही, कव्हर नाही, नावं नाहीत, नुसतं पेननं बँडचं नाव लिहिलेलं, आणि मी महिनोन् महिने समजत होते की एकच माणूस दोन आवाज काढतोय. मग कॉमन रूममधल्या टीव्हीवर व्हिडिओ लागला, सिएटलच्या डिस्कव्हरी पार्कमध्ये समुद्राकाठी शूट केलेला, उंच गवत, दीपगृह, आणि दोन वेगळी माणसं गाताना दिसली तेव्हा मी जागेवरून उठून टीव्हीजवळ गेले होते.

किस्सा असा आहे की कॉर्नेलला हे गाणं म्हणजे भरतीचं वाटत होतं, अर्धवट, गाणं म्हणावं असं काही झालंच नाही असं. प्रॅक्टिसला तो वरचं पण गात होता आणि खालचं पण, आणि ते काही नीट जमत नव्हतं, एक ओळ संपवून दुसरीकडे धावायचं म्हणजे दम कुठं घ्यायचा. व्हेडर तिथं आला होता पर्ल जॅमच्या ऑडिशनसाठी, त्याचा या बँडशी काही संबंध नव्हता, कोपऱ्यात बसून आपली पाळी यायची वाट बघत होता. त्यानं उठून जाऊन माइकवर खालचा भाग गायला सुरुवात केली. कोणी बोलावलं नव्हतं. आणि कॉर्नेलच्या बाजूनं बघ, स्वतःच्या मित्रावरची रेकॉर्ड चाललीये, तिथं एक परका लाजाळू पोरगा मधेच येऊन गातो, आणि हा त्याला थांबवत नाही, उलट म्हणतो की हा भाग तुझाच. व्हेडरचा आवाज जगासमोर आलेली ही पहिली रेकॉर्ड. याशिवाय तीन गाण्यांत तो मागे साथीला आहे.

आता परत ऐकशील तेव्हा हेडफोन लाव. आधी व्हेडर खर्जात सगळं सांगून जातो, शांत, जवळजवळ पुटपुटल्यासारखं, मग तेच शब्द कॉर्नेल घेतो आणि वर वर चढवत नेतो, तार सप्तकात, घसा फाटेल असं वाटतं आणि फाटत नाही. एकाला दुसऱ्याच्या वर जायचंच नाहीये. जुगलबंदी म्हणतो आपण सहज, पण जुगलबंदीत थोडी तरी चुरस असते, इथं तीही नाही, एक जण जमिनीवर उभा राहून शिडी धरतोय आणि दुसरा चढतोय. गाण्याचा अर्थ पण साधाय, दुबळ्याच्या तोंडचा घास काढून माझं पोट भरत असेल तर मी उपाशी राहीन.

अल्बमच्या कव्हरवर राकेश पराशर असं नाव दिसलं. हे आपल्याकडचे आहेत का? (एक वाचक, ठाणे)

हो, भारतीय वंशाचे. रिक पराशर म्हणून ओळखायचे सगळे, या अल्बमचं रेकॉर्डिंग त्यांनीच सांभाळलं. त्यांनी आणि त्यांच्या भावानं सिएटलच्या उत्तरेला लंडन ब्रिज स्टुडिओ उभा केला, हा अल्बम तिथंच झाला, आणि पुढे तीनचार महिन्यांत पर्ल जॅमचा ‘टेन’ही तिथंच, त्यांच्याच हाताखाली. नुसते बटणं फिरवणारे नव्हते, पियानो आणि ऑर्गन स्वतः वाजवायचे. शेवटचं ‘ऑल नाइट थिंग’ ऐका, तिथं गिटार मागे बसलीये आणि ऑर्गन हळूच पुढे आलाय, बाकी अख्ख्या अल्बमचा दंगा उतरल्यावर ते गाणं म्हणजे पाहुणे गेल्यावर ओट्याशी उभं राहून घेतलेल्या चहासारखं आहे. २०१४ मध्ये ते गेले. त्या काळातल्या सिएटलचा जो आवाज आपण कानात घेऊन फिरतो त्यात या माणसाचा वाटा मोठाय आणि आपल्याकडे त्यांचं नाव फार कमी लोकांना माहितीये याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून विचारल्याबद्दल थँक्यू.

जुना घ्यावा की २०१६ चा रिमिक्स? (एक वाचक, रत्नागिरी)

पहिल्यांदा ऐकणार असाल तर जुना. त्यात सगळं थोडं लांबून, मोठ्या रिकाम्या हॉलमधून आल्यासारखं येतं आणि मला वाटतं या गाण्यांना ते शोभतं. २०१६ चा म्हणजे तेच रेकॉर्डिंग ब्रेंडन ओब्रायन या निर्मात्यानं नव्यानं मिक्स केलंय, त्यात आवाज आणि ड्रम एकदम जवळ आलेत, कॉर्नेल श्वास कुठं घेतो तेसुद्धा कळतं. जुना पाठ झाला की मग तो घ्या, मॅट कॅमेरॉनचं काम त्यात जास्त नीट कळतं. त्या वेळच्या मोठ्या सेटमध्ये डेमो पण आहेत, कच्ची गाणी पक्की कशी होतात ते ऐकायला बरे.

ताई राग मानू नका, पण ‘रीच डाउन’ ११ मिनिटांचं कशासाठी? मधला गिटार सोलो संपतच नाही. मी कट्टर फॅन आहे पण दरवेळी ते पुढे ढकलतो. एडिट करायला कोणी नव्हतं का? (एक वाचक, औरंगाबाद)

राग कसला, पण मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

तो सोलो माइक मॅक्रीडीचा आहे, पाच मिनिटांच्या वर. मॅक्रीडी तेव्हा भिडस्त, मोठ्या माणसाच्या रेकॉर्डवर आपण कशाला जास्त जागा घ्यायची म्हणून थोडं वाजवून थांबायचा. कॉर्नेलनं त्याला सांगितलं की थांबायचं नाही, जेवढी जागा आहे ती सगळी तुझी, भरून काढ. आणि वाजवता वाजवता त्याचे हेडफोन डोक्यावरून उडाले. म्हणजे मागचे ड्रम, बास काही ऐकू येईना. हात थांबवले असते तर टेक गेला असता. तो तसाच वाजवत राहिला, अंदाजानं, आणि आपण जे ऐकतो ते तेच आहे. तुम्ही आता एकदा हे डोक्यात ठेवून ऐका, हातातली गिटार सोडून कसलाच आधार नसलेला एक पोरगा वाजवतोय.

आता माझ्या घरातलं सांगते. आमचे आजोबा वारकरी. ते गेले तेव्हा रात्री अंगणात भजन बसलं, गावातले आणि शेजारच्या वाडीतले टाळकरी आले, आणि मृदंगाला लावायला ओली कणीक लागते तर आमच्या घरात चूल पेटलेली नव्हती, म्हणून शेजारच्या काकूंनी त्यांच्या घरून मळून आणली, वाटीत, वर ओलं फडकं झाकून. मृदंगवाल्या दादांनी ती थापून थापून लावली, आवाज बघितला, परत थोडी काढली. मग सुरू झालं ते पहाटेपर्यंत. एकेक अभंग किती वेळ चालायचा त्याला काही मोजमापच नाही, एकच ओळ वीस वीस वेळा, कोणीतरी उठून पुढे यायचा, आपलं म्हणून घ्यायचा, दुसरा उचलायचा, लय वाढायची, परत खाली यायची. मी दहा अकरा वर्षांची होते, मला झोप येत होती, आणि तरी मला आठवतं की हे थांबू नये असं वाटत होतं कारण थांबलं की मग सकाळ होणार आणि आजोबा खरंच गेलेत हे सगळ्यांना मान्य करावं लागणार.

‘रीच डाउन’ मला त्या रात्रीसारखं वाटतं, म्हणून त्याला कात्री लावा म्हटलं की कसंतरी होतं. रेडिओसाठी केलेलं गाणं असतं तर तुमचं बरोबर होतं. हे रेडिओसाठी नव्हतंच. कॉर्नेलनं त्यात वुड स्वप्नात आल्यासारखा रंगवलाय, त्याच्या त्या भपक्यात, स्टार होऊन, आणि मग शब्द संपतात आणि गिटार सुटते. शब्द संपल्यावर माणसं काय करणार, वाजवणारच ना. पाच मिनिटं फार नाहीत हो. रात्री दिवा घालवून एकदा पूर्ण ऐका, आणि तरी नाही आवडलं तर मला परत लिहा, मी छापीन.

असे अजून एकच अल्बम काढून थांबलेले बँड सांगा ना. (बरेच जण)

याच गोतावळ्यातले दोन सांगते. एक तर वर आलंच, मदर लव्ह बोनचा ‘ॲपल’, वुड कोण होता हे त्याच्याच आवाजात ऐकायचं तर हाच. खरं तर टेंपल ऑफ द डॉगच्या आधी तो ऐकावा, म्हणजे कोणासाठी एवढं चाललंय ते कळतं, तो हसरा आहे, नखरेल आहे, आणि पुढचं माहीत असल्यानं ऐकताना फार त्रास होतो. दुसरा मॅड सीझनचा ‘अबव्ह’, १९९५ चा. त्यात पण मॅक्रीडीच आहे. व्यसनातून बाहेर पडायला तो उपचार केंद्रात गेला होता, तिथं बासवाला जॉन बेकर सॉन्डर्स भेटला, आणि सिएटलला परत येऊन त्यांनी ॲलिस इन चेन्स या बँडचा गायक लेन स्टेली याला बरोबर घेतलं, वाटलं नव्या संगतीत तोही सावरेल. सॉन्डर्स १९९९ मध्ये गेला, स्टेली २००२ मध्ये. तो अल्बम एका दमात ऐकू नका, मी स्वतः नाही ऐकू शकत.

आम्ही चार मित्र कॉलेजपासून एकत्र वाजवायचो, गॅदरिंग, गणपती, एखादं लग्न. आमचा कीबोर्डवाला गेल्या पावसाळ्यात अपघातात गेला. त्याच्या अर्ध्या अर्ध्या चाली आमच्या मोबाइलमध्ये आहेत. आम्हाला त्याच्यासाठी काहीतरी रेकॉर्ड करायचंय. त्याच्याच चाली पुऱ्या करून काढाव्या असं दोघांचं मत आहे, मला ते कसंतरी वाटतंय, पण का ते सांगता येत नाही. त्याच्या भावाची हरकत नाहीये. तुम्हीच सांगा. (एक वाचक, कोल्हापूर)

तुमची मेल आली तेव्हा मी बाकीची बाजूला ठेवून हीच दोनदा वाचली. तुमचा मित्र गेला, फार वाईट झालं.

तुम्हाला जे कसंतरी वाटतंय ना, तेच त्या मंडळींनाही वाटलं होतं. वुडची स्वतःची खूप गाणी घरगुती टेपवर पडलेली होती, आणि टेंपल ऑफ द डॉग जमलं तेव्हा तीच आपण गाऊन काढावीत असा विषय निघाला होता. पण त्यांनी तो लगेच सोडून दिला, कारण त्याच्या घरच्यांना आणि जवळच्यांना असं वाटलं असतं की हे त्याच्या गाण्यांवर स्वतःचं भागवून घेतायत. म्हणून त्यांनी त्याचं काही न घेता आपलं लिहिलं. फक्त नाव तेवढं त्याच्या शब्दांतून घेतलं. मला हा निर्णय फार मोठा वाटतो, विशेषतः त्या वयात, कोणी पंचवीसचा, कोणी सव्वीसचा.

पण म्हणून तुम्ही पण तसंच करा असं मी म्हणणार नाही, कारण तुमची गोष्ट जरा वेगळीये. त्या चाली त्यानं तुम्हाला पाठवल्यात, तुमच्यासोबत पुऱ्या करायच्या म्हणूनच पाठवल्या असणार. एक करता येईल, एखादीच चाल घ्या, तुम्हाला सगळ्यांना पाठ असलेली, आणि त्याचा मोबाइलवरचा आवाज जसाच्या तसा गाण्याच्या सुरुवातीला ठेवा, तो खाकरतो, पंखा ऐकू येतो, काय असेल ते काढू नका, आणि जिथं त्याची चाल थांबते तिथून पुढे तुमचं स्वतःचं सुरू करा. त्याची अर्धी पुरी करायला जाऊ नका. आणि बाकी दोन तीन गाणी तुमची लिहा, त्याच्यावरच असली पाहिजेत असं नाही, तुमच्या लग्नांतल्या ऑर्डरवर, पावसात भिजलेल्या अँपवर, कशावरही. कीबोर्डची जागा रिकामी ठेवायची की कोणाला बोलवायचं हे रेकॉर्डिंगच्या दिवशीच ठरवा, आधी वाद घालू नका. कोपऱ्यात बसलेला कोणी व्हेडर उठून आला तर येऊ द्या.

दिवस मात्र मोजून घ्या. पंधरा दिवस, नाहीतर सहा रविवार. मुदत नसेल तर हे काम वर्षानुवर्षं पडून राहतं, कारण संपवणं नको वाटतं.

आणि एक राहिलं. तुम्ही भावाचं लिहिलंय, आईचं नाही. त्यांना विचारलंय का? नसेल विचारलं तर त्याच्या आधी स्टुडिओ बुक करू नका. फोनवर नको, चौघंही घरी जा, तो मोबाइल घेऊन जा, आणि विचारायच्या आधी त्यांना ती चाल ऐकवा.